किल्ली तेवढी साबची : एका स्वीडिश नावाच्या अमेरिकी गाडीचा इतिहास

#धागा

एप्रिल २००४. न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात स्वीडनच्या ‘साब’ या कंपनीने एक नवी गाडी लोकांसमोर आणली. नाव होते साब ९-७एक्स. साबच्या नावाने विकली जाणारी ही पहिली एसयूव्ही, आणि व्ही-८ इंजिन मिळणारी पहिली साबदेखील हीच. मात्र ती स्वीडनमध्ये तयार होणार नव्हती. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहराला लागून असलेल्या मोरेन या गावातील कारखान्यात, शेव्हरोले ट्रेलब्लेझर ज्या रांगेवर जुळवली जाई त्याच रांगेवर ९-७एक्सही जुळवली जाणार होती.

साबचे माहेर म्हणजे स्वीडनमधील ट्रोलहेटान हे गाव. मोटारप्रेमींनी ‘ट्रोलहेटान’ आणि ‘ट्रेलब्लेझर’ या दोन नावांची सांगड घालून या गाडीचे नामकरण केले : ‘ट्रोलब्लेझर’. चेष्टा बोचरी होती. पुढे २०११ साली साब दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या मृत्युलेखांतून ही गाडी पुराव्यासारखी पुढे केली गेली. अमेरिकी मालकाने दुसऱ्याच्या गाडीवर साबचा बिल्ला चिकटवला आणि एक थोर नाव संपवले, असा तो युक्तिवाद. तो अर्धाच खरा आहे.

आपल्याकडे ‘साब’ म्हटले की ग्रिपेन हे लढाऊ विमान आठवते. भारतीय वायुदलाच्या १२६ विमानांच्या खरेदीस्पर्धेत ते उतरले होते. मोटारींची साब याच घराण्यातली. १९३७ साली स्वीडिश हवाई दलासाठी विमाने बनवण्याकरिता ही कंपनी स्थापन झाली. दुसरे महायुद्ध संपत आले तसे विमानांची मागणी आटणार हे उघड दिसू लागले आणि कंपनीने मोटारीचा विचार सुरू केला.

अभियंता गुन्नर ल्युंगस्ट्रॉम आणि आरेखक सिक्स्टन सासोन यांनी जी पहिली प्रायोगिक गाडी घडवली, ती पाहताच विमानवाल्यांचे काम ओळखू येते. पंखाच्या छेदासारखी घडण, वाऱ्याला कमीत कमी अडथळा. डिसेंबर १९४९ मध्ये साब ९२चे उत्पादन सुरू झाले. ७६४ घन सेंटीमीटरचे दोन-स्ट्रोक इंजिन, २५ अश्वशक्ती, पुढच्या चाकांना गती. त्यानंतरच्या साब ९६ने एरिक कार्लसन या चालकाच्या हाती १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षे ब्रिटनची आरएसी रॅली आणि १९६२ व १९६३ साली माँटे कार्लो रॅली जिंकली. बड्या इंजिनांच्या गाड्यांना या चिमुकल्या गाडीने बर्फात मागे टाकले.

आता किल्लीकडे येऊ. १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या साब ९९मध्ये इग्निशनची किल्ली स्टिअरिंगजवळ नव्हती. ती दोन पुढच्या आसनांच्या मधे, गिअरच्या दांड्याजवळ होती. यामागे कारणे होती. अपघातात चालकाचा गुडघा पुढे आदळतो, तिथे किल्लीसारखी टोकदार वस्तू नको, हे एक. आणि किल्ली काढली की गिअरचा दांडाच अडकून राही, त्यामुळे चोराला गाडी नेणे अवघड, हे दुसरे. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्याखेरीज किल्ली निघतच नसे. साबच्या चाहत्यांना ही सवय इतकी अंगवळणी पडली की दुसऱ्या गाडीत बसल्यावरही त्यांचा हात आपसूक आसनांच्या मधे जाई.

साब तांत्रिकदृष्ट्या ‘शुद्ध’ होती, हा समज मात्र इथेच बाजूला ठेवावा लागतो. तिच्या दोन-स्ट्रोक इंजिनामागे जर्मनीच्या डीकेडब्ल्यूचा आदर्श होता. १९६७पासून साब ९६मध्ये बसवलेले व्ही-४ इंजिन जर्मन फोर्डचे होते. ९९चे सुरुवातीचे इंजिन ब्रिटनच्या ट्रायम्फचे. १९८०च्या सुमारास तर इटलीची लान्सिया डेल्टा ही गाडी स्वीडनमध्ये ‘साब-लान्सिया ६००’ या नावाने विकली गेली. उधारीचे, भागीदारीचे आणि सरळ बिल्ला बदलण्याचेही प्रकार या घराला नवे नव्हते.

भागीदारीचा सर्वांत मोठा प्रयोग म्हणजे १९८४ सालची साब ९०००. फियाट क्रोमा, लान्सिया थेमा, अल्फा रोमिओ १६४ आणि साब ९००० या चार गाड्यांचा पाया एकच होता. ‘प्लॅटफॉर्म’ सामायिक असणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला चाकणमुळे सहज समजेल. तिथे तयार होणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन यांचा तळ, इंजिने व बरेचसे न दिसणारे भाग एकच आहेत. वरचा साज, आतली मांडणी आणि चालवण्याचा बाज काहीसा निराळा. खर्च वाटला जातो, आणि छोट्या कंपनीला एकटीने न झेपणारी गाडी बाजारात आणता येते.

९०००च्या बाबतीत साबच्या अभियंत्यांनी आराखडा कागदावर असतानाच हात घातला. अपघातात टिकाव धरावा म्हणून पुढचा सांगाडा आणि दारे त्यांनी अधिक भक्कम केली. टर्बो इंजिन स्वतःचे बसवले. परिणामी ही गाडी इटालियन बहिणींपेक्षा वेगळी झाली.

गंमत अशी की ९०००मध्ये किल्ली स्टिअरिंगपाशीच होती, इतर कोणत्याही गाडीत असते तशी. तरीही ही गाडी साब नव्हे असे फारसे कुणी म्हटले नाही.

एवढे करूनही साबचा संसार तोट्यातच चालला होता. सर्वांत भरभराटीच्या वर्षातही तिचे उत्पादन दीड लाख गाड्यांपर्यंत पोहोचले नाही. एवढ्या थोड्या गाड्यांवर नवा आराखडा विकसित करण्याचा खर्च भरून निघणे दुरापास्त. म्हणून १९८९च्या अखेरीस अमेरिकेच्या जनरल मोटर्सशी करार झाला. सुमारे ६० कोटी डॉलरला निम्मा हिस्सा जीएमकडे गेला, विमानांची साब आणि मोटारींची साब वेगळ्या झाल्या. उरलेला निम्मा हिस्सा जीएमने २००० साली साडेबारा कोटी डॉलरला घेतला. दहा वर्षांत त्याच निम्म्या हिश्शाचे मोल कुठे आले, ते या दोन आकड्यांवरून दिसते.

याच दहा वर्षांत अमेरिकी ग्राहकाची आवड पालटली होती. मर्सिडीझची एम-क्लास १९९७ साली आली, बीएमडब्ल्यूची एक्स५ १९९९ साली. साबसाठी अमेरिका ही अत्यंत महत्त्वाची बाजारपेठ, आणि तिथल्या तिच्या शोरूममध्ये एसयूव्ही नावाची वस्तूच नव्हती. जुना ग्राहक मुले मोठी झाली की दुसऱ्या कंपनीच्या दारात जाई. वितरकांना काहीतरी हवे होते आणि ते लवकर हवे होते.

जीएमने दोन झटपट उत्तरे काढली. पहिले जपानमधून. फुजी हेवी इंडस्ट्रीज या सुबारूच्या मालक कंपनीत जीएमचा तेव्हा हिस्सा होता, म्हणून सुबारू इम्प्रेझा थोडी सजवून ‘साब ९-२एक्स’ झाली. लोकांनी तिला ‘साबारू’ म्हटले. जीएमने २००५ साली तो हिस्सा विकला आणि दोन वर्षांच्या आत ही गाडीही बंद पडली. दुसरे उत्तर म्हणजे ओहायोची ९-७एक्स.

ज्या पायावर ९-७एक्स उभी राहिली त्याचे कारखान्यातले नाव जीएमटी-३६०. हा पाया टाकाऊ होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शेव्हरोले ट्रेलब्लेझरला २००२ साली उत्तर अमेरिकेतील ‘ट्रक ऑफ द इयर’ हा सन्मान मिळाला होता. तिचे ४.२ लिटरचे, सहा सिलिंडर एका ओळीत असलेले इंजिन त्या काळच्या उत्तम अमेरिकी इंजिनांत गणले जाई. जड ओझे ओढायला, लांबच लांब सरळ रस्त्यावर घराबाहेर पडायला ही गाडी चांगली होती.

पण ती ट्रकच्या जातीची होती. खाली शिडीसारखी पोलादी चौकट आणि तिच्यावर स्वतंत्रपणे बसवलेली बॉडी. मागे अखंड ॲक्सल. वजन दोन टनांच्या वर. साबने पहिल्या गाडीपासून जे नाकारले होते, नेमके ते सर्व इथे होते. याच पायावर शेव्हरोले ट्रेलब्लेझर, जीएमसी एन्व्हॉय, ओल्ड्समोबिल ब्राव्हाडा, ब्युइक रेनिअर आणि इसुझू असेंडर अशा पाच गाड्या आधीच उभ्या होत्या. त्यांतली ओल्ड्समोबिल ही १८९७ सालची कंपनी. ९-७एक्स पुढे आली त्याच महिन्यात, एप्रिल २००४ मध्ये, जीएमने ती कायमची बंद केली.

साबच्या वाट्याला काय उरले? गाडी जमिनीपासून सुमारे एक इंच खाली आणली गेली. स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर कडक केले, स्टिअरिंग अधिक चपळ केले. पुढची जाळी साबच्या धाटणीची झाली. डॅशबोर्ड चालकाकडे वळला, हवेचे झरोके साबच्या पद्धतीचे आले, साबचा तो प्रसिद्ध घडीचा कपधारकही आला. आणि किल्ली स्टिअरिंगपासून उचलून दोन आसनांच्या मधे नेण्यात आली.

हा बदल दिसतो तितका स्वस्त नाही. तारा, कुलूप, मधला खण, सगळेच नव्याने जुळवावे लागते. गुडघ्याच्या सुरक्षेचे जुने कारणही इथे लागू पडतेच. तरी प्रश्न उरतो. चौकट, ॲक्सल, बॉडीचा सांगाडा, इंजिन हे सारे आधीच ठरून गेलेले असताना अभियंत्यांना हात घालायला ज्या थोड्या जागा उरल्या, त्यांत किल्लीची जागा अग्रक्रमाने निवडली गेली. कारण ग्राहक साबला कशावरून ओळखतो, हे विक्री विभागाला ठाऊक होते. ९०००मध्ये किल्ली नव्हती पण आराखड्यात शब्द होता. ९-७एक्समध्ये याच्या अगदी उलट घडले.

भागीदारी म्हणजे ऱ्हास असे समीकरण मांडणाऱ्यांनी याच काळातील दोन उदाहरणे पाहावीत. पोर्शेची पहिली कायेन २००२ साली आली. तिचा पाया फोक्सवॅगन टुआरेगचाच होता, पण तो घडवतानाच पोर्शेचे अभियंते अग्रभागी होते. कायेनने पोर्शेला सुबत्ता दिली.

दुसरे उदाहरण साबच्या शेजारचेच. ट्रोलहेटानच्या दक्षिणेला, त्याच योटा नदीच्या मुखाशी गोथेनबर्ग आहे, व्होल्वोचे गाव. व्होल्वोची मोटार कंपनी १९९९ साली अमेरिकेच्याच फोर्डने विकत घेतली, सुमारे ६४५ कोटी डॉलरला. व्होल्वोलाही एसयूव्ही हवीच होती. परंतु २००२ साली आलेली एक्ससी९० व्होल्वोच्या स्वतःच्या पायावर, गोथेनबर्गच्या कारखान्यात तयार झाली. पुढे फोर्डने तोच पाया उचलून अमेरिकेत आपली फाइव्ह हंड्रेड ही गाडी काढली. प्रवाह स्वीडनकडून डेट्रॉइटकडे वाहिला. व्होल्वो मोठी होती, तिच्याजवळ वापरण्याजोगा पाया होता. साबजवळ तो नव्हता, कारण तिच्या १९९०च्या दशकातल्या गाड्याच मुळी ओपेलच्या पायावर उभ्या होत्या. २००५ची अडचण पंधरा वर्षे आधीपासून साचत आली होती.

ट्रोलहेटानच्या कामगारांनी या गाडीकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना मार्च २००५च्या एका निर्णयावरून येते. पुढच्या पिढीच्या मध्यम आकाराच्या गाड्या कुठे बनवायच्या यासाठी जीएमने आपल्याच दोन कारखान्यांत स्पर्धा लावली होती : जर्मनीतील ओपेलचे रुसेल्सहाइम आणि स्वीडनमधील ट्रोलहेटान. निकाल रुसेल्सहाइमच्या बाजूने लागला. साबच्या नावाची एक गाडी जपानमध्ये, दुसरी ओहायोत तयार होत असताना, साबचा मूळ कारखाना स्वतःच्या भवितव्यासाठी अर्ज करणाऱ्यांच्या रांगेत उभा होता.

इकडे ओहायोत ९-७एक्सला २००८ साली ‘एरो’ ही आवृत्ती मिळाली. सहा लिटरचे व्ही-८ इंजिन, ३९० अश्वशक्ती. साबच्या नावाने विकल्या गेलेल्या गाड्यांत एवढी शक्ती दुसरीत नव्हती. मुहूर्त मात्र विलक्षण चुकला. त्याच वर्षी जुलैमध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, अमेरिकेत पेट्रोल गॅलनला ४ डॉलरच्या वर गेले. शोरूममधल्या अवजड गाड्या जागच्या हलेनात.

३ जून २००८ रोजी जीएमने ट्रक व एसयूव्हीचे चार कारखाने बंद करण्याचे जाहीर केले. विस्कॉन्सिनमधील जेन्सव्हिल, कॅनडातील ओशावा, मेक्सिकोतील टोलुका आणि ओहायोतील मोरेन.

मोरेनचा पूर्वेतिहास इथे सांगितलाच पाहिजे. हा कारखाना मुळात मोटारींचा नव्हता. इथे फ्रिजिडेअरचे फ्रिज बनत. फ्रिजिडेअर १९१९पासून जीएमच्या मालकीची होती. १९७९ साली जीएमने फ्रिजिडेअरचा व्यवसाय नावासकट विकला, इमारत स्वतःकडे ठेवली आणि १९८१पासून तिथे छोटे ट्रक जुळवायला सुरुवात केली. नाव एका वाटेने गेले, कारखाना दुसऱ्या.

घरगुती विजेच्या उपकरणांच्या त्या काळाची एक खूण मात्र राहून गेली. मोरेनचे कामगार जीएमच्या बहुसंख्य कामगारांप्रमाणे यूएडब्ल्यू या मोटार कामगारांच्या संघटनेत नव्हते. ते आययूई या विद्युत कामगारांच्या संघटनेचे सभासद होते. कारखाना बंद झाल्यावर जीएमच्या इतर कारखान्यांत बदली मागण्याचा जो हक्क यूएडब्ल्यूच्या सभासदांना करारातून मिळे, तो मोरेनवाल्यांना नव्हता. फ्रिजच्या जमान्यातले सभासदत्व तीस वर्षांनी असे भोवले. साबच्या ऱ्हासावर हळहळणाऱ्या लिखाणात या माणसांचा उल्लेख सहसा सापडत नाही.

२३ डिसेंबर २००८ रोजी मोरेनच्या रांगेवरून शेवटची गाडी उतरली. स्टीव्हन बोग्नार आणि ज्युलिया रायकर्ट या स्थानिक माहितीपटकारांना कंपनीने आत चित्रीकरण करू दिले नाही. तेव्हा कामगारांनीच छोटे कॅमेरे लपवून आत नेले आणि आपला शेवटचा काळ टिपला. ‘द लास्ट ट्रक’ हा तो माहितीपट २००९ साली प्रदर्शित झाला आणि त्याला ऑस्करचे नामांकन मिळाले. ९-७एक्स ज्या हातांनी घडवली ते हात पाहायचे असतील तर त्यासाठी हा उत्तम दस्तऐवज आहे. पुढे २०१४ साली ही इमारत फुयाओ या चिनी काच कंपनीने घेतली, आणि त्याच जोडीने तिथे काढलेल्या ‘अमेरिकन फॅक्टरी’ने २०२० साली ऑस्कर पटकावले.

एक अवांतर. मोरेन बंद होण्याच्या तीन महिने आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, याच जीएमने पुण्याजवळ तळेगावला नवा कारखाना सुरू केला होता. तिथले उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबले, कामगारांचा लढा न्यायालयापर्यंत गेला, आणि २०२४च्या आरंभी तो कारखाना ह्युंदाईकडे आला.

१ जून २००९ रोजी जीएमनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. साब विकायला काढली गेली. स्वीडनच्या कोनिगसेगशी चाललेली बोलणी फिसकटली आणि २०१०च्या आरंभी नेदरलँड्सच्या स्पायकर या चिमुकल्या कंपनीने ७ कोटी ४० लाख डॉलर रोख आणि जीएमला काही अग्रहक्क समभाग देऊन साब घेतली.

पण सामायिक पायांचा हिशेब इथे नव्या रूपात समोर आला. साबच्या गाड्यांतील तंत्रज्ञानाचे परवाने जीएमकडेच होते. ९-७एक्सची वारस म्हणावी अशी ९-४एक्स ही एसयूव्ही तर जीएमच्याच मेक्सिकोतील कारखान्यात, कॅडिलॅक एसआरएक्सच्या बरोबर तयार होत होती. २०११ साली साबला वाचवू पाहणारे चिनी गुंतवणूकदार पुढे आले, तेव्हा जीएमने कळवले की मालकी अशी बदलणार असेल तर परवाने आणि ९-४एक्सचा पुरवठा चालू राहणार नाही. चीनमध्ये जीएमचे स्वतःचे मोठे भागीदार होते, त्यांच्या तोंडावर आपलेच तंत्रज्ञान दुसऱ्याला देणे तिला परवडणारे नव्हते. १९ डिसेंबर २०११ रोजी साबने दिवाळखोरी पत्करली.

उरले नाव. कंपनीचे अवशेष २०१२ साली नेव्ह्स या नव्या कंपनीने घेतले आणि ट्रोलहेटानमध्ये थोडा काळ पुन्हा साब ९-३ तयार होऊ लागली. मात्र ‘साब’ हे नाव विमाने बनवणाऱ्या साबच्या मालकीचे होते. २०१४ साली तिने ते वापरण्याची परवानगी काढून घेतली.

या सगळ्याच्या अधेमधे एक लहानशी घटना आहे. ऑगस्ट २०१२ मध्ये जीएमने अमेरिकेतील बर्फाळ राज्यांतल्या सुमारे अडीच लाख एसयूव्ही दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. चालकाच्या दारातील खिडकीच्या बटणांच्या संचात पाणी शिरून आग लागण्याचा धोका होता. यादीत पाच नावे होती : शेव्हरोले, जीएमसी, ब्युइक, इसुझू आणि साब. साबला दिवाळखोरीत जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते, म्हणून ९-७एक्सच्या मालकांनाही पत्र आले ते जनरल मोटर्सचे. पाचही गाड्यांच्या दारात बसवलेला तो संच एकच होता.